वहिनीच्या शब्दावर

भर दुपारी, डांबर पायाखाली मऊ पडत असताना, घरातला पंखा सोडून धावायला निघणारं माणूस एक तर डोक्याने थोडं सरकलेलं असतं किंवा त्याच्यामागे कुणीतरी हात धुऊन लागलेलं असतं. उंटाबाईच्या मागे सर लागले होते. पुढच्या महिन्यातली लांब पल्ल्याची शर्यत कुणाच्या सुपीक डोक्यातून कोण जाणे, ऐन दुपारची ठेवली होती. सरांचं म्हणणं एकच होतं. सगळा पल्ला एकदा उन्हात पुरा करून दाखवा, तर नाव पाठवतो. नाव पाठवायच्या आधीचा हा शेवटचा रविवार. सर मैदानाच्या फाटकाशी झाडाखाली खुर्ची टाकून बसणार होते. सावलीत बसून दुसऱ्याला उन्हात पिटाळणं हे मोठं सोयीचं काम आहे, आणि सर ते मन लावून करत.

उंटाबाई हे नाव तिच्या दादाने ठेवलेलं. लांबच लांब ढांगा आणि चालताना वर उचललेली मान, एवढ्यावरून. जन्मापासून तिला दिसत नव्हतं, पण त्यामुळे भावाने चिडवायचं सोडलं असं झालं नाही आणि तिनेही कधी ऐकून घेतलं नाही. ती एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोनवर बसायची. आलेला फोन ऐकायचा आणि हव्या त्या खोलीत जोडून द्यायचा. समोरचा घाबरलाय की नुसता कांगावा करतोय, हे तिला पहिल्या ‘हॅलो’तच कळायचं. कोणत्या डॉक्टरचं घरी बिनसलंय हेसुद्धा कळायचं, पण ते ती पोटात ठेवायची.

तिला धावायला नेणारी तिची वहिनी. वहिनी घराच्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकून बसायची, शाळांचे गणवेश शिवायची. बसून बसून गुडघे धरले म्हणून ती चालायला लागली, मग सोबतीला नणंदेला ओढलं, आणि चालता चालता दोघी कधी पळायला लागल्या ते दोघींनाही सांगता आलं नसतं. दोघींच्या मधली दोरी वहिनीनेच शिवलेली. जाड सुती पट्टी, दोन्ही टोकांना मनगटापुरता फासा. एका टोकाला उंटाबाईचं डावं मनगट, दुसऱ्या टोकाला वहिनीचं उजवं.

दोरीहून महत्त्वाचा होता तो त्यांचा नेम. पुढे जे असेल ते वहिनीने एका शब्दात सांगायचं. चढ. खड्डा. पायरी. डावी. आणि उंटाबाईने विचारायचं नाही. पाय चाचपत टाकायचा नाही, बेधडक टाकायचा, जणू तो शब्द म्हणजेच जमीन. दृष्टी नसलेले बाकीचे धावक प्रत्येक पावलाला कणभर थबकतात, उंटाबाई थबकत नाही, म्हणून ती पुढे जाते, असं सरच सगळ्यांना सांगत. त्यात उंटाबाईच्या पायांइतकंच वहिनीच्या जिभेचं श्रेय होतं. पण जिभेला पदक कोण देतं?

गेल्या रविवारी मात्र वाजलं होतं. सरावात मध्ये कुत्रं आलं आणि वहिनी घाबरून थांबली. वेळ वाया गेला. सर म्हणाले, "सोबतीण बदला. माझ्याकडे एक तरणी मुलगी आहे, वाऱ्यासारखी पळते. या दमल्या आता." हे ते वहिनीच्या तोंडावर म्हणाले. दोरी तेव्हा वहिनीच्या मनगटातच होती. आणि उंटाबाईने ‘नाही’ म्हणायचं सोडून "बघू" म्हटलं. एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून वहिनी पहाटे उठून एकटीच धावून यायला लागली. उंटाबाई अंथरुणात पडून फाटकाची कडी ऐकायची आणि कुशीवर वळायची.

तर आज दोघी निघाल्या. दादाची रविवारी कामाची पाळी असल्यामुळे त्याने आदल्या संध्याकाळीच वाटेत तीन ठिकाणी पाण्याच्या बाटल्या लपवून ठेवल्या होत्या. पहिल्या बाटल्या मैलाच्या दगडामागे, दुसऱ्या पुलाखाली, तिसऱ्या परतीच्या वाटेवर तिठ्याच्या पलीकडे एका बंद टपरीमागे. शिवाय वहिनीच्या कमरेला एक बाटली आणि दोघींत मिळून एक फोन.

पहिल्या टप्प्यात वहिनीचं तोंड जोरात चालू होतं.

"उतार. उंटाबाई, जरा हळू. मी दोन पायांची आहे, तुझ्यासारखी चार पायांची नाही."

"मग घरी बसायचं होतंस."

"घरी बसले तर तुला कोण सांभाळणार? तुझा भाऊ? त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. खड्डा."

दगडामागच्या बाटल्या मिळाल्या. पाणी कोमट होतं, पण पाणी होतं. दोघी प्यायल्या, उरलेलं मानेवर ओतलं आणि निघाल्या. ऊन चढतच गेलं. गोदामांची रांग संपली तशी भिंतींची सावलीही संपली. उघड्या रस्त्यावर खालून डांबर भाजत होतं आणि वरून आभाळ. तोंडातली थुंकी घट्ट झाली. उंटाबाई पावलांच्या ठेक्यावर लक्ष ठेवून होती. दोघींची पावलं एकत्र पडत होती तोवर सगळं ठीक होतं.

पुलाशी पोचल्यावर वहिनीने तिला खांबाला टेकवून उभं केलं आणि मनगटातला फासा सोडून खाली उतरली. गवत चाळवल्याचा आवाज आला. पुष्कळ वेळ आला. मग दगड सरकवल्याचा. मग काहीच नाही.

"सापडल्या का गं?" उंटाबाईने हाक मारली.

"हो हो," वहिनी खालून म्हणाली. "आले."

तिने हातात दिलेली बाटली गरम होती. "ही काय उकळत ठेवली होती का?" उंटाबाई म्हणाली.

"ऊन काय थोडं आहे? पी मुकाट्याने. सगळी संपव."

"तू?"

"मी खालीच प्यायले."

उंटाबाईने बाटली रिकामी केली. वहिनीने फोन बघितला, तो तापून बंद पडला होता. "पडू दे," ती म्हणाली, "तुझ्या भावाचे फोन तरी येणार नाहीत." आणि दोघी मागे वळल्या.

परतीच्या वाटेवर आधी थट्टा गेली. त्याचं उंटाबाईला काही वाटलं नाही. दम लागला की तोंड बंद होतंच. पण नंतर शब्द उशिरा यायला लागले. ‘खड्डा’ येईपर्यंत पाय खड्ड्यात. एकदा ‘चढ’ आला आणि चढ नव्हताच. वहिनीच्या आवाजात काहीतरी सुकत चाललं होतं. टेलिफोनवर असला आवाज आला की उंटाबाईचं बोट आपोआप तातडीच्या विभागाकडे जायचं. पण ही वहिनी होती, आणि पुढे फाटकाशी सर घड्याळ धरून बसले होते. दोन्ही गोष्टी तिने मनात तोलल्या आणि धावत राहिली. हे तिला शोभलं नाही, पण तसं झालं खरं.

तिठा आला. तो तिला माहीत होता, तिन्ही वाटांचा वारा तिथे एकत्र येई. इथून उजवी वाट शहराकडे जायची. डावी बाहेरच्या हमरस्त्याला मिळायची, जिथे रात्रंदिवस ट्रक चालत.

"डावी," वहिनी म्हणाली.

उंटाबाईचा पाय नेमाप्रमाणे डावीकडे पडला. मनात मात्र खटकलं. उजवीकडे वळलं की ऊन पाठीवर यायला हवं होतं. आता ते थेट तोंडावर आलं, भट्टीचं दार उघडल्यासारखं. थोडा वेळ ती वाट बघत राहिली. वहिनीला नवी वाट ठाऊक असेल, पलीकडे रस्ता खणला असेल, काहीतरी असेल. ट्रकांचा आवाज जवळ येत येत दोघी हमरस्त्याच्या कडेला पोचल्या. शेवटी तिने नेम मोडला.

"वहिनी, आपण चुकलोय का?"

"नाही."

"ऊन तोंडावर येतंय. घरची वाट उजवीकडे..."

"दिसतं कुणाला?" वहिनी एकदम कडाडली. "तुला दिसतं की मला दिसतं?"

उंटाबाई जागच्या जागी थांबली. दोरीला हिसका बसला. इतक्या वर्षांत घरात भांडणं कमी झाली नव्हती, भांडीही आपटली होती. पण हे वाक्य वहिनीच्या तोंडून कधी आलं नव्हतं. राग यायला हवा होता, पण आली ती भीती. ही वहिनी नाही बोलत, एवढंच तिला कळलं.

ती दोरी धरून पुढे सरकली आणि वहिनीचा दंड पकडला. घामाने निथळायला हवा तो दंड कोरडा होता आणि कपड्यावर फिरवायच्या इस्त्रीसारखा तापला होता. मानही तशीच. छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती.

"बटणं लावायची राहिलीत," वहिनी म्हणाली. आवाज आता अगदी लाडिक, झोपाळू झाला होता. "उद्या पोरं गणवेश घ्यायला येतील. सोड मला. बटणं लावते."

"वहिनी, तू पुलाखाली पाणी प्यायली होतीस का?"

"सोड म्हणते ना."

आणि उंटाबाईला सगळं एकदम उमगलं. ती गरम बाटली कमरेची होती. पुलाखाली गवत हललं होतं, दगड हलले होते, पण पाण्याचा घोट वाजला नव्हता. तिच्या कानांना तो कळला नसता असं होणंच शक्य नव्हतं. कानांनी सांगितलं होतं. तिने वहिनीच्या शब्दावर भरवसा ठेवून कानांना गप्प बसवलं होतं.

वहिनी खाली बसायला लागली, रस्त्यातच. अंगाला चाटून ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने दोघी हलल्या. उंटाबाईने तिला काखेत धरून रस्त्याच्या कडेला ओढलं. फोन चाचपला, बटण दाबून धरलं, पण तो मेलेलाच होता. टाळी वाजवून बघितली. भिंत जवळ असती तर टाळी परत आली असती, पण ती उघड्यावर विरून गेली. म्हणजे सावली नाही. ती ओरडली, पण ट्रकांपुढे तिच्या ओरडण्याची काय कथा!

तिने स्वतःला गप्प केलं आणि ऐकलं. रस्त्याच्या पलीकडून, थोडं पुढून, एक सततचा सुसकारा येत होता. मध्येच तो थांबायचा आणि मग पत्र्यावर पाणी आपटायचं. ट्रक धुण्याची जागा! पाणी होतं, हाकेच्या अंतरावर होतं, आणि मधे हा रस्ता पसरला होता.

हा रस्ता तिने कधीच एकटीने ओलांडला नव्हता. शहाणं माणूस ओलांडणारही नाही. पण वहिनीचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं होतं आणि त्या डोक्याचा चटका कपड्यातून लागत होता. तिने फासा आणखी घट्ट केला, वहिनीचा हात आपल्या गळ्यात घातला, आणि आवाज विरळ होईपर्यंत काठावर उभी राहिली. एक मोठी गाडी गेली. तिच्यामागून दुसरी. मग शांतता. ती निघाली.

अर्ध्यात आल्यावर वहिनीने अचानक अंग टाकलं. उंटाबाई तिच्यासकट गुडघ्यांवर आली. उठली, वहिनीला उठवलं, आणि या धडपडीत पाण्याचा आवाज नक्की कुठून येत होता हेच हरवलं. उजवीकडून घरघर यायला लागली. लांब आहे की जवळ, सरळ येतेय की वळून जाणार, डोक्यातल्या रक्ताच्या ठोक्यांत काही कळेना.

"चल," वहिनी तिच्या कानाशी म्हणाली. स्पष्ट, नेहमीच्या आवाजात. "चल, रिकामं आहे."

उंटाबाईचा पाय उचलला गेला. या शब्दावर तो उचलायचाच, त्याला दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं. घरघर वाढत होती. वहिनीचा शब्द म्हणत होता जा, कान म्हणत होते थांब. उंटाबाईने उचललेला पाय मागे घेतला, वहिनीला दोन्ही हातांनी आवळून धरलं आणि जागेवर रुतून उभी राहिली.

टँकर त्यांच्या नाकासमोरून गेला. भोंगा वाजवतच गेला. धूळ, डिझेलचा वास, चाकांची गरम हवा, सगळं तोंडावर आलं. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. तो आवाज लांब जाईपर्यंत ती तशीच उभी होती, आणि मग पाण्याचा सुसकारा पुन्हा सापडला. ती वहिनीला जवळजवळ फरफटत त्या दिशेने घेऊन गेली.

"अहो बाई, बाई! इकडे कुठे? चिखल आहे!" एक पुरुषी आवाज ओरडला.

"मला दिसत नाही आणि हिला ऊन लागलंय," उंटाबाई म्हणाली. टेलिफोनवरचा आवाज तिच्या घशात आपोआप आला, त्यात गयावया नव्हती. "आधी सावली, मग पाणी. मानेवर, काखेत, मांड्यांवर मारा. तोंडात ओतू नका, घशात अडकेल. आणि फोन लावा, रुग्णवाहिकेला."

ट्रक धुणारा तो माणूस बोलघेवडा होता, पण हात त्याचे जिभेच्या पुढे होते. "आयुष्यभर ट्रक धुतले, माणूस पहिल्यांदाच धुतोय," असं म्हणत त्याने वहिनीला छपराखाली उचलून नेलं, पाण्याचा जोर कमी केला आणि नळी सोडली. उंटाबाई चिखलात बसून वहिनीचं डोकं मांडीवर धरून होती. दोरी अजून दोघींच्या मनगटांत होती. धुणाऱ्याने पंखा म्हणून एक पुठ्ठा आणला आणि घालत बसला. त्याने फोन लावून दिला तेव्हा दादा आधी हसला, त्याला वाटलं चेष्टा चाललीय. मग त्याने घाईने पत्ता विचारला. सरांना कळवायचं कुणाला सुचलंही नाही. सर बसले असतील खुर्चीत, बसू देत.

बराच वेळ वहिनी नुसती कण्हत होती. मग थंडीने कुडकुडली. मग म्हणाली, "हे काय, मी भिजले कशाने?" आणि उंटाबाई रडली. मोठ्याने, लहान मुलासारखी, धुणाऱ्याची पर्वा न करता रडली.

"आपण पोचलो का?" वहिनीने विचारलं.

"कुठले पोचतोय."

वहिनीने तोंडावरचं पाणी पुसलं. मग चाचरत म्हणाली, "पुलाखाली बाटल्या नव्हत्याच गं. कुणीतरी नेल्या होत्या."

"माहीत आहे."

"सांगितलं असतं तर तू तिथेच थांबली असतीस. मग त्यांनी ती दुसरी मुलगी दिली असती तुला. आणि तू..." तिने दोरी मुठीत धरली. "तू ‘बघू’ म्हणाली होतीस."

हा घाव वर्मी बसला. चूक तिचीही होती, आणि ती तिला मान्य होती. पण राग म्हणून काही असतो, तो चूक मान्य केली म्हणून जात नाही.

"मी चुकले. मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "पण वहिनी, बाकी कुणीही मला खोटं सांगावं. दादाने सांगावं, सरांनी सांगावं. तू नाही. तू सांगतेस तिथे मी पाय टाकते."

"मी तुझ्यासाठीच..."

"मला पाणी नको होतं. ‘पाणी नाही’ एवढंच ऐकायचं होतं."

वहिनीने उंटाबाईचा हात धरला आणि उंटाबाईने तो सोडवून घेतला नाही.

रुग्णवाहिका आली. दोन माणसांनी वहिनीला उचलून आत ठेवलं, तेव्हा दोरी सोडावी लागली. धुणाऱ्याने उंटाबाईला दारापर्यंत आणलं आणि तो बाजूला झाला. आतला माणूस म्हणाला, "या बाई, चढा."

आतून वहिनीचा आवाज आला, दमलेला, पण तिचाच.

"पायरी," ती म्हणाली. "उंच आहे."

उंटाबाईचा पाय उचलला गेला आणि हवेतच थांबला. तिने थांबवला नव्हता. मग बुटाचं टोक हळूच पुढे गेलं, लोखंडाची कड शोधली, तिच्यावरून फिरलं, दाबून बघितलं. पायरी होती. उंच होती. वहिनीने सांगितली होती तशीच होती.

आत वहिनीचा श्वास अडकला. म्हणजे तिने पाहिलं होतं.

उंटाबाई चढली आणि बाकावर बसली. काहीतरी बोलायला हवं होतं. पाय भरून आलेत, बूट चिखलाने निसरडे झालेत, असलं काहीही चाललं असतं, वहिनीने मानलंही असतं. जिभेवर आलेलं ते सगळं तिने गिळलं. दार लागलं, गाडी सुरू झाली.

"चाचपून बघितलीस," वहिनी म्हणाली.

"हो," उंटाबाई म्हणाली.